आईच्या न्हाणीघराची फरशी

राजघाट रस्ता, बुऱ्हाणपूर
१८ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. दादास,
सुनंदाचा शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी घसा फोडून आईची चौकशी केली आणि तू मला केळीचा भाव सांगत बसलास. कानाचं यंत्र कपाटात ठेवून ऐकू येत नसतं, हे तुला कधी पटायचं? म्हणून आता पत्रच लिहायचं ठरवलं. तूही लिही. तुझं अक्षर अजून फोनपेक्षा स्पष्ट आहे.

भाऊबीजेला भुसावळला आले तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. आई न्हाणीघरात पडली, दार तोडून तिला काढावं लागलं, तेव्हापासून तू दाराची कडीच काढून टाकलीस. तुझी भीती मला समजते. पण त्या दिवशी उषावहिनी अर्ध्या उघड्या दाराशी उभ्या होत्या आणि आई आत अंग चोरून बसली होती, ते मी पाहिलं. नंतर तिने मला जवळ ओढून हळूच सांगितलं की आता तिला देवाजवळ काहीच मागायचं नाही, फक्त एकदा दार लावून एकटीने अंघोळ करायची आहे. वहिनी तिचं किती करतात हेही तिने लगेच सांगितलं.

म्हणून तिला माझ्याकडे आणायचं. आमचं घर तळमजल्याला, तुझ्याकडच्यासारखे जिने नाहीत. अडचण एकच होती, न्हाणीघरातली जुनी फरशी झिजून आरशासारखी झाली होती. भिकन मिस्त्रीने ती उखडली, खाली ढाळ देऊन कोबा केला, भिंतीला धरायच्या दांड्या बसवल्या, खरबरीत टाइलींचे बॉक्स उतरवून घेतले आणि नेपानगरला कुठल्याशा मंगल कार्यालयाच्या कामावर निघून गेला. जाताना टाइल कापायचं पाण्याचं मशीन अंगणात ठेवून गेला. या लोकांची रीत तुला ठाऊक आहे. अवजार ठेवलं म्हणजे काम त्याचं, दुसऱ्या मिस्त्रीने हात लावायचा नाही. फोन केला की 'कल पक्का' म्हणतो, आणि त्याचा उद्या काही उजाडत नाही.

तेव्हा मी ठरवलं आहे की टाइल मीच कापणार आणि मीच बसवणार. रीत मोडत नाही, कारण मी काही दुसरा मिस्त्री नाही. त्याला विचारलं तर तो हसला आणि म्हणाला, कापा, पण बोट कापलं तर मला फोन करू नका. हे जसोंडीच्या मळ्यात केळीच्या कटाईत अडकलेत. त्यांनी मशीनभोवती एक फेरी मारली आणि चहा मागितला, म्हणजे परवानगी मिळाली.

उषावहिनींना नमस्कार. आईला एवढ्यात काही सांगू नकोस. लोभ असू द्या, त्याला भीतीची फोडणी नको.

तुझी,
सुनंदा


भुसावळ
२४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. सुनंदा हिस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचलं, पाणी प्यालो आणि पुन्हा वाचलं. वीज आणि पाणी एकमेकांना भेटू नयेत एवढ्यासाठी वीज मंडळाने मला आयुष्यभर पगार दिला, आणि माझी सख्खी बहीण त्या दोघांना एका ट्रेमध्ये बसवणार. ब्लाऊज शिवणाऱ्या बाईने टाइल कापायला घेतली तर उद्या मी खांबावरून उतरून पुरणपोळ्या लाटायला बसायला हरकत नाही. उषा म्हणते, आधी चपाती लाटून दाखवा.

तू ऐकणार नाहीस हे मला माहीत आहे. लहानपणी माझ्या नव्या चड्डीची तू बाहुलीसाठी रजई केलीस, तेव्हाही कात्री लपवून उपयोग झाला नव्हता. म्हणून नीट वाच. घराच्या बोर्डात ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, आहे की नाही ते वायरमनकडून बघून घे. नसेल तर बसवून घे, आणि त्याचं टेस्टचं बटण दाबून तो खरंच पडतो का ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. अर्थिंग तपासून घे. मशीनच्या वायरला कुठे टेप गुंडाळलेली दिसली तर ती वायर बदल. मिस्त्री लोकांची वायर म्हणजे सगळी टेपच असते. वायर बोर्डाकडे सरळ नेऊ नकोस. मध्ये खाली झोल ठेव, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी झोलाशी टपकेल, बोर्डात शिरणार नाही. पायात रबरी बूट घाल. आणि साडी नेसून त्या मशीनपाशी गेलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. पदर पात्यात जायला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही.

आता माझी अट. काम झालं की मी आईला घेऊन स्वतः येईन. फरशीवर साबणाचं पाणी टाकून अनवाणी चालेन. मग भरलेली बादली ओतेन. पाय सरकला किंवा कोपऱ्यात पाणी साचलं, तर त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीने आईला परत आणेन. तिला त्या ओल्या जमिनीवरून मी उचललेलं आहे, सुनंदा. ते मला पुन्हा करायचं नाही.

हल्ली ती पाणी फार कमी पिते. पुन्हा पुन्हा कोणाला हाक मारायला नको म्हणून, असं उषाचं म्हणणं. मला ते पटतं, म्हणूनच हे सगळं लिहितो आहे, नाहीतर सरळ नाही म्हणालो असतो.

अरविंदरावांना नमस्कार. आशीर्वाद नेहमीचेच, या खेपेला दोन्ही हातांनी.

तुझा,
भाईदास


बुऱ्हाणपूर
५ डिसेंबर २०२४

ती. स्व. दादास,
सुनंदाचा शि. सा. न. वि. वि.

आधी तुझ्या अटींचा हिशेब. ईएलसीबी बसवला, बटण दाबलं, घर अंधारात गेलं, शेजारीण धावत आली. मशीनची वायर खरंच टेपची निघाली. नवी घातली, झोल ठेवला. अंगात यांची जुनी पँट आणि शर्ट, पायात मळ्यातले बूट, डोळ्यांवर चष्मा, डोक्याला फडकं. यांनी मला पाहिलं आणि मळ्यात माणूस कमी आहे, येतेस का म्हणून विचारलं.

मशीन असं आहे. लोखंडी टेबल, त्याच्या मधल्या फटीतून गोल पातं वर आलेलं, खाली ट्रेमध्ये पाणी. पातं त्या पाण्यातून भिजत फिरतं, म्हणून तापत नाही आणि धूळ उडत नाही. आवाज मात्र असा की तुलाही यंत्राशिवाय ऐकू येईल. पहिल्यांदा चालू केलं आणि मी दोन पावलं मागे सरले, हे तुला म्हणून सांगते. मग टाइल टेबलावर सपाट ठेवली, कडेच्या सरळ पट्टीला टेकवली, दोन्ही हात पात्यापासून लांब धरले आणि हळू पुढे सरकवली. ढकलायची नाही, दादा. शिलाई मशीनवर जाड कापड आलं की ते जसं आपल्या चालीने जाऊ देतो, तसं द्यायचं. तोंडावर पांढरी राड उडाली. टाइलीचे दोन तुकडे झाले आणि कड सुतासारखी सरळ आली. मी मशीन बंद करून अंगणातच नाचले.

आता ऐक, आणि वहिनींना सांगायचं नाही. मापं घेतली, पेन्सिलने खुणा केल्या, भिंतीकडेच्या सगळ्या टाइल एका दमात कापून ठेवल्या. दुपारी लावायला गेले तर एकही बसेना. प्रत्येक टाइल तितकीच जास्तीची, अर्धा इंच. बराच वेळ मला कळेना. मशीनचा दोष म्हणून मी भिकनला फोनवर बरंच सुनावलं. मग हातातल्या पेन्सिलीकडे पाहिलं आणि समजलं. जन्मभर कापडाला शिवणीपुरता दाब सोडायची सवय, हात आपोआप खुणेच्या बाहेर गेला. टाइलीला शिवण घालणार कुठे? उलट इथे दोन टाइलींमध्ये सांध्यासाठी जागा ठेवायची असते, म्हणजे माप आणखी थोडं कमीच.

पण टाइल एकही वाया गेली नाही. जास्तीची कापली होती, म्हणून पुन्हा कापता आली. अर्ध्या इंचाची पट्टीसुद्धा हे पातं अलगद काढतं. माझी चूकसुद्धा टेलराची निघाली, आणि ती टेलरासारखीच सुधारली. आता सगळ्या बसल्या आहेत, सुक्याच ठेवून पाहिल्या आहेत. राहिलं ते पाणी जायच्या जाळीपाशी आणि नळाच्या पाइपापाशी गोल कापायचं. सरळ पात्याने गोल कसं कापायचं हे मला अजून सुचलेलं नाही. झोपेतही तेच दिसतं.

आई पाणी कमी पिते हे वाचून जीव तुटला. तिला आता सांगून टाक, मी काय करते आहे ते. वहिनींना नमस्कार. माया करताना तरी दाब सोडून ठेव, कमी पडायला नको.

तुझी,
सुनंदा


भुसावळ
११ डिसेंबर २०२४

चि. सौ. सुनंदा हिस,
अ. उ. आ. वि. वि.

दाबाची गोष्ट उषाला सांगायची नाही असं ठरलं होतं, पण मी हसताना खुर्चीवरून पडायचा राहिलो आणि तिने पत्र हातातून घेतलं. आता आमच्या इमारतीत सगळ्यांना माहीत आहे.

आईला सांगितलं. ती म्हणाली की लेकीच्या घरी जाऊन राहायचं बरं दिसत नाही. थोड्या वेळाने विचारलं की सुनंदाचं बोट शाबूत आहे ना. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने उषाकडून स्वतःची पिशवी काढून घेतली आणि त्यात दोन लुगडी घालून ठेवली. पिशवी आता पलंगाखाली आहे. तिच्याबद्दल कोणी काही बोलायचं नाही अशी घरात रीत पडली आहे.

गोल कापण्याचं मला काही सांगता येत नाही. आम्ही वायरी वाकवत आलो. माझी अट मात्र तशीच आहे. बादली मी इथून घेऊन येईन, तुझ्याकडची छोटी असेल.

लोभ आहे. काळजी त्याहून थोडी जास्त आहे.

तुझा,
भाईदास


बुऱ्हाणपूर
२३ डिसेंबर २०२४

ती. स्व. दादास,
सुनंदाचा शि. सा. न. वि. वि.

झालं. फरशी झाली, सांधे भरून झाले, वाळलीसुद्धा. ये, आणि तुझी बादली घेऊन ये.

गोल कसं कापलं ते सांगते. दोन टाइली फोडल्या, रडकुंडीला आले, मशीन झाकून ठेवलं आणि राहिलेले ब्लाऊज घेऊन बसले. एका गळ्याची गोलाई उलटवत होते. गोलाईच्या कडेला कात्रे, म्हणजे कात्रीने छोटे छेद, दिल्याशिवाय कापड वळत नाही, म्हणून हात कात्रे देत होता, आणि मी तिथेच थांबले. हातातलं काम टाकून अंगणात गेले. वर्तमानपत्राचा नमुना कापला, जाळीभोवती बसवून पाहिला, टाइलीवर आखला. मग गोलाच्या खुणेपर्यंत जवळजवळ चिरा दिल्या, फणीच्या दातांसारख्या. ते दात पकडीने एकेक करून मोडले, उरलेली खरबरीत कड पात्यावर हलकेच घासली. नेऊन ठेवली तर जाळीभोवती बसली, जशी नव्या नवरीच्या गळ्याशी पट्टी बसावी. दादा, मी इतकी ओरडले की हे केळीच्या गाडीवरून उडी मारून आले. त्यांना वाटलं बोट गेलं.

परवा भिकन मिस्त्री मशीन न्यायला आला. न्हाणीघराच्या दारात उभा राहिला आणि त्याचा चेहराच उतरला. माझं अवजार इथे असताना दुसरा मिस्त्री आणलात, हे बरं केलं नाही, म्हणत पायरीवर बसला. चहासुद्धा घेईना. शेवटी मी जाळीच्या मापाचा वर्तमानपत्राचा नमुना आणून त्याच्या हातात दिला, तेव्हा त्याला खरं वाटलं. मग आत गेला, सांध्यांवरून तळवा फिरवला, दाराजवळची एक टाइल किंचित तिरकी आहे ते दाखवलं. आहेच ती तिरकी. पण ढाळ त्याचाच आहे आणि तो उत्तम आहे, हे मी त्याला सांगितलं. तेव्हा त्याने चहा घेतला.

आईला म्हणावं, पिशवी बाहेर काढ.

वहिनींनाही घेऊन ये. वाट पाहणारी, आणि या खेपेला न घाबरणारी,
सुनंदा


भुसावळ
८ जानेवारी २०२५

चि. सौ. सुनंदा हिस,
अ. उ. आ. वि. वि.

आईला तुझ्याकडे पोचवलं त्या दिवशी मी फक्त ठीक आहे म्हणालो आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघालो. तुला राग आला असेल. साबणाच्या पाण्यावरून मी चाललो, मुद्दाम टाच घासून पाहिली, बादली ओतली, आणि सगळं पाणी एका रांगेत तुझ्या त्या गोल जाळीकडे निघून गेलं. कोपऱ्यात थेंब राहिला नाही. तेव्हा मला बोलायचं होतं, पण अरविंदराव समोर होते. आता लिहितो. मला तुझा फार अभिमान वाटला. गाडीत शेजारच्या माणसाला मी सगळं सांगितलं. त्याला रावेरला उतरायचं होतं, तरी त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

सोबतच्या पुडक्यात आमच्या न्हाणीघराची कडी आहे. काढली त्या दिवसापासून ती माझ्या हत्यारांच्या पेटीत होती. स्क्रूही आहेत. तुझ्या दाराला आतून बसव. एवढंच कर की कडीच्या जरा बाजूला दारात पेचकस जाईल एवढं भोक ठेव, वेळ आली तर बाहेरून सरकवता येईल. हे आईला सांगू नकोस.

घर रिकामं वाटतं. उषा रोज दोनदा पलंगाखाली बघते, पिशवी नाही याची खात्री करते आणि हसते. आता आमच्या न्हाणीघराची फरशीही बदलायची म्हणते. भिकनचं मशीन मोकळं असलं तर कळव. मिस्त्री आमच्याकडे तूच.

आशीर्वाद आहेतच. आता त्यांत थोडा नमस्कारही आहे.

तुझा,
भाईदास


बुऱ्हाणपूर
१९ जानेवारी २०२५

चिरंजीव भाईदास व सौ. उषा यांस,
आईचे अनेक आशीर्वाद.

हात कापतो, म्हणून अक्षर मोठं काढते आहे. मी बरी आहे. पाणी पोटभर पिते. लेकीच्या घरी राहते म्हणून कोणी काही म्हटलं नाही. म्हटलं तर मी त्यांना फरशी दाखवीन.

तू पाठवलेली कडी सुनंदाने बसवली. आपलीच कडी, हाताला ओळखीची लागली. सकाळी मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि ती लावली. दांडी धरून स्टुलावर बसले, पाय फरशीवर ठेवले. फरशी पाय धरून ठेवते. सावकाश अंगावर पाणी घेतलं. घाई नव्हती, दाराशी कोणी नव्हतं. किती दिवसांनी गाणं म्हटलं. सुनंदा बाहेर रडत होती, मला ऐकू येत होतं, माझे कान तुझ्यासारखे नाहीत.

दारातलं भोक मी पहिल्याच दिवशी पाहिलं. ते कशाला आहे हे मला कळतं. तुझंच डोकं असणार. राहू दे. तू माझा मुलगा आहेस, तुला भीती वाटणारच. मी आत जाते तेव्हा त्याच्यावर माझा टॉवेल टांगते.

उषाला म्हणावं, तुझे हात माझ्या आठवणीत आहेत. दोघं सुखी असा. पाणी तापलं आहे, आता मी जाते.

तुझी आई,
भागाबाई