ठकीने वाचलेले निरोप

सूनबाई,

ठकी शाळेतून येऊन आत झोपलीय, उठवू नकोस. मी तिच्या शाळेत बाईंना भेटायला जातोय. अक्षर वेडंवाकडं आलंय, सांभाळून घे.

शाळेचे निरोप माझ्या मोबाईलवर येतात. मोतीबिंदूमुळे मला ते दिसत नाहीत, म्हणून ठकीच वाचून दाखवते. सातवीचा वर्ग मैदानावर उताणा पडून ढग बघतो म्हणे. दुपारी बाई फळ्याला सुट्टी देतात. लांब वेणीची एक मैत्रीण रोज हिची जागा धरून ठेवते. मी डोळे मिटून ऐकत राहतो. अशी शाळा मिळाली असती, तर मी मुद्दाम दोनदा नापास झालो असतो.

आज औषधाच्या दुकानदाराकडून निरोप वाचून घेतला. ढगबिग काही नाही. ‘मुलगी मधल्या सुट्टीत एकटीच बसते, कुणाशी बोलत नाही, घरच्यांनी येऊन भेटावं.’ मागच्या निरोपातही तेच.

तिला रागावू नकोस. मोबाईल मुद्दाम तिच्या उशाशी ठेवलाय. उठल्यावर ती तुला निरोप वाचून दाखवायला लागली, तर मध्ये बोलू नकोस, शेवटपर्यंत ऐक. त्या शाळेत ती सुखात आहे.

– आबा