टाकीभर लाल पाणी

३ फेब्रुवारी
आवाजाने पाणी साफ करणाऱ्या मशीनची खरी किंमत : बिलात लिहिली ती, अधिक विकलेली व्हॅन, अधिक बायकोचा चार दिवसांपासूनचा अबोला. स्वस्तातच पडलं.
अठराला तपासणी अधिकारी येणार. टाकीतलं रंगाचं पाणी लाल निघालं तर रंगखान्याला कुलूप. आता काळजी नाही. पंधरा दिवसांत टाकी आरशासारखी! दोन बादल्यांवर धंदा उभा केलाय मी.

४ फेब्रुवारी
जावईबापू रसायनशास्त्र शिकवतात. म्हणाले, कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने पाण्यात बारीक बुडबुडे होतात, मिटताना भट्टीसारखे तापतात, तिथलं पाणीच फुटतं आणि त्यातून जे निघतं ते रंग खातं. पण म्हणे, ग्लासात ठीक आहे. मास्तर माणूस, नजर ग्लासाएवढी. टाकी म्हणजे मोठा ग्लासच की!

५ फेब्रुवारी, सकाळी ९
मशीनचा दांडा ग्लासात बुडवला. न ऐकू येणारा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. रंगारी म्हणाला, मालक, तो मशीनचा पंखा.
दुपारी ३
ग्लास साफ! सहा तास फक्त. बायकोला दाखवला. अबोला सुटला. म्हणाली, व्हॅन यात मावली का?

७ फेब्रुवारी
दांडा टाकीत. दिवसभर. पाणी लाल. दांड्याजवळ जरा फिकं वाटलं. रंगारी म्हणतो, ऊन पडलंय. मशीनलाही नव्या जागी रुळायला वेळ लागतोच.

१० फेब्रुवारी
दांडा कोपऱ्यात लावला, मधोमध लावला, शिडीवर बसून ढवळत राहिलो. पाणी कोमट झालं. सुरुवात अशीच होते.
बायकोचा चष्मा मशीनने धुऊन दिला. फ्रेमचा सोनेरी मुलामा पाण्यात राहिला. ताकद सिद्ध झाली. अबोला पुन्हा चालू.

१४ फेब्रुवारी
ठराव : रंगकाम थांबवायचं, म्हणजे टाकीत नवं पाणी येणार नाही. बावीस कामगारांनी विचारलं, मग आम्ही काय करायचं? ठराव मागे.

१८ फेब्रुवारी
अधिकारी आले. मी साफ ग्लास पुढे केला. तहान लागली होती बिचाऱ्यांना, तोंडाला लावणार तोच रंगाऱ्याने हात धरला. मग त्यांनी टाकीत बाटली बुडवली. उजेडात धरून पाहिली. लाल. टाकी साफ होईपर्यंत कुलूप.
माणसं हातपाय धुऊन गेली. रंगारी शेवटी गेला, किल्ली माझ्या हातात देऊन.
जावईबापूंना विचारलं, दिवसरात्र चालवलं तर कधी साफ होईल? त्यांनी मान खाली घालून हिशेब केला. दिवसाला चार ग्लास. टाकीत चाळीस हजार. सत्तावीस वर्षं.
विचारलं, दोन मशीन लावली तर?
साडेतेरा.