पिवळं सगळं बंद

अहो,

तुम्हाला कागदावर लिहायची माझी ही पहिलीच वेळ. जिवंत होता तेव्हा समोरच होता, ओरडायला कागद लागत नव्हता. चौथीपर्यंतची शाळा माझी, अक्षर वाकडं येतंय, चालवून घ्या. नातीनं मोबाइलवर लिहून दिलं असतं, पण हे तिला कळायला नको.

मला तुमचाच रोग झालाय. लिव्हरचा. तुम्ही पीत होता, मी थेंबाला शिवले नाही, तरी झाला. साखरेनं आणि चरबीनं, असं डॉक्टर म्हणतात. गल्लीत कळलं तेव्हा मागच्या दारची आक्का म्हणाली, "काय गं शालन, मालकांच्या माघारी तू घ्यायला लागलीस व्हय?" तिला मी काय बोलले ते इथं लिहीत नाही.

पाय सुजतात. बोट दाबलं की खड्डा पडतो आणि तसाच राहतो. तुमच्या पायावर पडायचा तेव्हा मी दुसरीकडं बघायचे. आता स्वतःच्या पायाकडून तोंड कुठं फिरवू?

पण लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं. परवा आपला संभा मला दवाखान्यात आहार सांगणाऱ्या बाईकडं घेऊन गेला. बाई कसली, आपल्या नातीएवढी पोरगी. काय खाता विचारलं, तर मी ऐटीत सांगितलं, मंगळवार, संकष्टी, एकादशी सोडत नाही, बाकीचे दिवस पेज. पोटाला आराम पाहिजे की.

तिनं माझा दंड दोन बोटांत धरला. "आज्जी, हा आराम न्हाय. उपाशी ठेवलं की शरीर आपलंच मांस खातंय. उपास बंद. दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खायचं. घट्ट डाळ, दही, अंडी. झोपायच्या आधी पण काहीतरी, रातभर पोट रिकामं नको. मीठ तेवढं कमी, पापड-लोणचं विसरा."

मी विचारलं, "आणि पिवळं?"

"पिवळं म्हणजे?"

"हळद, तुरीची डाळ, अंड्यातला बलक. काविळीच्या माणसाला चालतंय?"

ती हसली. "रंगानं काय होतंय, आज्जी?"

संभापण हसला. मला मात्र तुम्ही आठवलात.

तुमचे डोळे पिवळे झाले तेव्हा गारगोटीकडच्या त्या माळवाल्याकडं कोण घेऊन गेलं होतं? मीच. त्यानं तुमच्या डोक्यावर काविळीची माळ ठेवली. ती जशी गळ्याकडं उतरेल तशी कावीळ उतरेल म्हणाला, आणि बजावलं, पिवळं सगळं बंद. पिवळ्यात पिवळं घातलं तर माणूस हातचं जातं. डॉक्टरांनी दिलेला खाण्याचा कागद घरात होता. तो मी डब्याखाली अंथरला. माळ उतरत गेली, आणि तुम्हीही.

किती वेळा मागितलंत? "एक अंडं उकडून दे की गं. अंगात बळ न्हाय." मी म्हणायचे, "मरायचं हाय का?" एकदा तुम्ही भिंतीला धरत धरत कोपऱ्यावरच्या गाड्यावर गेलात, अंडं खाल्लंत आणि चोरासारखे परत आलात. टरफल सदऱ्याच्या खिशात सापडलं. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल इतकं बोलले मी. तुम्ही खाली मान घालून बसलात. फाउंड्रीत तापलेलं लोखंड ओतणारा माणूस, आणि एका अंड्यासाठी मान खाली.

खरं सांगू? त्यात रागपण होता. इतकी वर्षं पिऊन आलात, आता गिळा बिनचवीचं, असं मनात यायचं. पथ्य किती आणि सूड किती, माझं मलाच सांगता येत नाही. दारू मी पाजली नव्हती, हे तुम्हीही कबूल करा. तुम्ही तसेही गेला असता, कदाचित. पण उपाशी का गेलात?

परवापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. वैशाली वाटीत घट्ट डाळ देते, मी हात धुऊन उठते. सून चांगली आहे, पण तोंडाची फटकळ. माझ्यावरच गेलीय. "आत्या, पोरीसारखं भरवायचं हाय का तुमास्नी?" म्हणते. तिला काय सांगू, ताटात मला तुमचा चेहरा दिसतो म्हणून?

आणि दुसरी भीती याहून मोठी. शेवटी तुमचं डोकं कसं भरकटलं होतं? मला आई म्हणत होता, भिंतीशी बोलत होता. या रोगात तसं होतं, डॉक्टरांनी संभाला सांगितलंय, मी दाराआडून ऐकलं. मी भरकटले आणि हे सगळं तोंडातून गेलं तर? संभा आजवर समजतो, बापाला दारूनं नेलं. अर्धं खरं आहे ते. उरलेलं अर्धं त्याला माझ्या बरळण्यातून कळावं? ते मला सोसणार नाही.

म्हणून शब्द देते. उद्या सकाळी शुद्धीत असताना संभाला समोर बसवून सांगणार. माळवाला, डब्याखालचा कागद, माझा राग, सगळं. तो काय बोलेल? कदाचित काहीच बोलणार नाही, बापासारखा. त्याचीच जास्त भीती वाटते. पोटातलं पाणी काढायला घालतात त्या सुईचीपण एवढी वाटत नाही.

तो बोलो न बोलो, नंतर मी वैशालीला ताट वाढायला सांगेन. घास उतरला तर बरं. नाही उतरला तरी गिळीन.

तुमची,
शालन