अळी, चुना आणि कागदाचा मायक्रोस्कोप

२८ जून, घाटनांदूर
मेडिकलच्या प्रवेशाच्या परीक्षेत दुसऱ्यांदा राहिले. बायोतच सगळ्यात कमी मार्क, अन् निघालेय डॉक्टर व्हायला. अप्पा रागावले न्हाईत, तेच जास्त लागलं. म्हणले, "बीडला परत क्लास लावू. पंधरा जुलैला नवी बॅच हाय." तोवर मला रेशमाच्या शेडमधी अळ्यांना तुतीचा पाला टाकायला लावलंय. क्लासपेक्षा बरंय.

२ जुलै
ऑनलाइन मागवलेला कागदाचा मायक्रोस्कोप आला. जाड कागदाच्या घड्या घालून करायचा, भिंग ज्वारीच्या दाण्याएवढं. आई म्हणली, "हे कसलं गं खेळणं?"
तुतीच्या पानाचं खालचं साल सोलून बघितलं. पानाची श्वास घ्यायची तोंडं. दोन वर्षं ही आकृती घोकली, परीक्षेत काढली. खरी आज दिसली, अन् उघडी होती. रडूच आलं. येडीच हाय मी.

५ जुलै
अळीची टाकलेली कात, माशीचा पंख, ताकाचा थेंब, सगळं बघून झालं. फिजिक्सचं पुस्तक उघडलं न्हाई. आई अप्पांना म्हणली, "पोरगी अळ्यांच्या घरी नांदायला जाती का काय." अप्पा हसले न्हाईत.

८ जुलै
घात झाला. दोन रॅकवरच्या अळ्या बाकीच्यांपेक्षा लई बारीक राहिल्यात. एक ठेचून पाण्याच्या थेंबात बघितली. चमकणारे दाणेच दाणे. पुस्तकात वाचलेला रोग, सगळ्या शेडमधी पसरतो, अळ्या पुरायच्याच. अप्पांना सांगितलं. त्यांनी एकदाच इचारलं, "पक्कं?" मी म्हणले, पक्कं. रेशीम ऑफिसचे साहेब सोमवारशिवाय येत न्हाईत. अप्पांनी खड्डा खांदला. दोन्ही रॅक गेले. आईनं वरून चुना टाकला अन् तोंड फिरवून घरात गेली.

९ जुलै
चुना!
सकाळी शेडमधी अप्पा अळ्यांवर चुना भुरभुरायलते. अळ्या कात टाकताना नेहमीच भुरभुरतेत. मी कालची अळी धुतलीच नव्हती. अन् रोगाचे दाणे सगळे सारखे, लांबट असतेत. मी बघितले ते लहान-मोठे, वेडेवाकडे. पळत घरी. नुसता चुना बघितला, तेच दाणे. कालच्या काचेवर लिंबू पिळलं, बारीक बुडबुडे आले अन् दाणे गेले. उरलेल्या रॅकवरची एक बारीक अळी धुऊन बघितली, साफ.
अप्पांना जाऊन सांगितलं. ते खाली बसले. "मातीतल्या गेल्या आता." मग म्हणले, "हे लिंबाचं क्लासमधी शिकवलं?"
मी न्हाई म्हणले.
मला माझीच लाज वाटायलीय. पण त्या अळ्या बारीक कशामुळं राहिल्या, हे डोक्यातून जाईना.

१३ जुलै
पाला टाकता टाकता बोलून टाकलं. "अप्पा, मला डॉक्टर न्हाई व्हायचं. अंबाजोगाईला बी.एस्सी. करते. प्राणिशास्त्र."
"दोन रॅक मातीत घातल्यावर सुचलं व्हय हे?"
"व्हय."
अप्पा पाला घेऊन पुढच्या रॅककडं गेले. जेवताना आई नुसती मला भाकरी वाढत राहिली.

१४ जुलै
उद्या सकाळची बीडची एसटी. आईनं बॅग भरून दारात ठेवली, मी नको म्हणले न्हाई, व्हय बी न्हाई.
संध्याकाळी अप्पा एक बारीक अळी पानावर घेऊन आले. ओली होती, त्यांनी धुऊनच आणलेली. "ही बी मागं राहिली. बघ."
ठेचून थेंबात बघितली. मग मायक्रोस्कोप त्यांच्या हातात दिला. उजेडाकडं धरून, एक डोळा मिटून लई वेळ बघत बसले.
"हे हलायलंय ते काय हाय?"
"मला न्हाई माहीत, अप्पा."
"मग कुणाला माहीत असंल?"
ते बी मला माहीत न्हाई. तसंच सांगितलं. त्यांनी मायक्रोस्कोप परत दिला न्हाई, दुसरा डोळा लावून बघायला लागले. एसटीचं नाव कुणीच काढलं न्हाई.