तुमच्या कानांना काही झालेलं नाही

मंगळवार, ४ तारीख

ती. भाऊजींना नमस्कार. ताईला आणि तुमच्या आईंनाही सांगा.

तुम्ही आईंकडे गावी गेल्यापासून इकडे सगळं ठीक. तुमच्या घराची किल्ली माझ्याकडेच आहे, एक दिवसाआड जाऊन झाडांना पाणी घालतो. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, वायसर बदलला. गॅलरीतल्या एका कुंडीत कळी धरली आहे. कुठली ते मला कळत नाही, ताईला कळेल. कामावर तुमच्या जागी एक तात्पुरता मेकॅनिक दिला आहे. तो इतका बोलतो की मला तोंड उघडावंच लागत नाही, म्हणजे माझी सोयच झाली.

फोन का करत नाही, असं ताईने विचारलंय. कारण तुम्हाला माहीत आहे. फोन कानाला लावला की माझी जीभ टाळ्याला चिकटते. तुमचं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही पहिल्यांदा घरी आलात आणि मी तासभर कपाटामागे उभा होतो. 'तुमच्याकडे कपाटाला पाय आहेत, पायांत चपलाही आहेत,' असं तुम्ही म्हणालात आणि सगळे हसले. मौनीबाबा हे नाव तेव्हापासूनचं. लिफ्टच्या कामात मला आणलंत तेही तुम्हीच. 'लिफ्ट वरखाली जाते त्या शाफ्टमध्ये माणसं कमी, तुला बरं पडेल,' म्हणाला होतात.

अपघाताला आज तीन आठवडे झाले. बोटं कशी आहेत? तुम्ही डावखुरे आणि लागलं नेमकं डाव्या हाताला, म्हणून उत्तर येत नाही असं मी धरून चाललोय.

ताईच्या पत्रात शेवटी एक ओळ होती, की तुम्ही कानाच्या डॉक्टरकडे जाणार आहात. ती वाचली आणि उठून चहाचा कप धुतला. परत वाचली. धुतलेला कप परत धुतला. भाऊजी, कानाची एवढी घाई कशाला? त्या दिवशी मशीनचा आवाज होताच की. आधी हात बरा होऊ दे. डॉक्टरकडे गेलं की ते काहीतरी काढतातच.

१४ तारखेला, शुक्रवारी, ऑफिसात चौकशी आहे. पाच जण बसणार आहेत म्हणे. मलाही बोलावलंय. काय विचारतील कोण जाणे.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. आधीची दोन फाडली. त्यांत विशेष काही नव्हतं.

तुमचा
मौनीबाबा


रविवार, ९ तारीख

भाऊजी,

ख्यालीखुशाली नंतर. काल ताईचं पत्र आलं. डॉक्टरने दोन्ही कान तपासले, दोष काही नाही म्हणाला, पण तुमचा विश्वास बसत नाही आणि आता दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं म्हणताय. ताई लिहिते, जेवताना तुम्ही तिला सारखं विचारता, 'काही म्हणालीस का?' आणि ती बिचारी काहीच म्हणालेली नसते. हे वाचल्यापासून मला एका जागी बसवत नाही. खोली आहे केवढी, दारापासून खिडकीपर्यंत सात पावलं. सकाळपासून तीच मोजतोय. आताही उभ्यानेच लिहितोय, फळीवर कागद ठेवून.

तुमच्या कानांना काही झालेलं नाही. मी हाक दिलीच नव्हती.

लिहून झालं एकदाचं. आता पुढचं लिहितो, नाहीतर हेही फाडेन.

तुम्ही लिफ्टच्या केबिनच्या टपावर उभे राहून बटण दाबत ती हळूहळू वर आणत होता. मी सहाव्या मजल्यावर उघड्या दारात वाकून बघत होतो. तिथे भिंतीतून लोखंडी पट्टी बाहेर आली आहे हे दोघांनाही माहीत होतं, पण खालून अंधारात ती तुम्हाला दिसत नव्हती. पट्टी हातभर राहिली की मी 'थांबा' म्हणायचं, तुम्ही 'थांबलो' म्हणायचं. नियम तुमचाच, पहिल्या दिवशी शिकवलेला: हाक द्यायची, समोरच्याने जबाब द्यायचा, जबाब आला नाही तर आणखी मोठ्याने हाक द्यायची. तुमचा डावा हात टपाच्या कडेवर होता. तो मला स्पष्ट दिसत होता.

पण त्या मजल्यावर त्या दिवशी मुलाखती होत्या. माझ्या पाठीमागे वीस-पंचवीस माणसं रांगेने खुर्च्यांवर बसलेली. इस्त्रीचे कपडे, मांडीवर फायली, टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मी तोंड उघडलं आणि एका बाईंनी माझ्याकडे पाहिलं. बस, एवढंच झालं. मी हळूच 'भाऊजी' म्हणालो, कोणाला त्रास होणार नाही अशा बेताने. ते माझं मलाच ऐकू आलं नाही. अजून वीतभर आहे, तेवढ्यात परत म्हणू, असं वाटलं. आणि मग तुम्हीच ओरडलात.

खाली साहेबांनी विचारलं, 'हाक दिली होती का?' मी काही बोलायच्या आत तुम्ही, हात फडक्यात गुंडाळलेला असताना, म्हणालात, 'दिली असणार. हा पोरगा नियम चुकवणार नाही. मलाच ऐकू आलं नसेल.' आणि मी मान डोलावली. एरवी मान डोलावून माझं भागतं, तशीच डोलावली.

आता ऑफिसात बोलणं चाललंय की ज्याला ऐकू येत नाही त्याला शाफ्टमध्ये पाठवायचं नाही, तुम्हाला गोदामात बसवायचं. सव्वीस वर्षं तुम्ही हे काम केलंत, आणि आता माझ्या लाजेपायी स्क्रू मोजत बसणार. शुक्रवारी मला खरं सांगायचं आहे. सांगता येईल का, माहीत नाही. सराव करतोय. काल बाथरूमचं दार लावून 'मी हाक दिली नव्हती' असं मोठ्याने म्हणून पाहिलं. आवाज फुटेना. मग 'थांबा' असं ओरडून पाहिलं, चार वेळा, तर शेजारच्या आजी दार वाजवायला आल्या. 'कोणाला थांबवतोयस रे? तू तर एकटाच राहतोस ना?' मी काय सांगणार, मान डोलावली.

तुम्ही म्हणायचात, लाज घरी खुंटीला अडकवून कामावर यावं आणि संध्याकाळी हवी तर परत घालावी. मला ती कधी अंगातून काढताच आली नाही, भाऊजी. तुम्ही ओरडलात त्याच्या आधीच्या क्षणीसुद्धा नाही.

हे ताईला वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

तुमचा


शुक्रवार, १४ तारीख, दुपार

भाऊजी,

आत्ताच ऑफिसातून आलोय, अजून बूटही काढलेले नाहीत.

टेबलापलीकडे पाच जण होते. मोठ्या साहेबांनी विचारलं, 'हाक दिली होती?' माझ्या तोंडून नुसती हवा निघाली. त्यांनी पुन्हा विचारलं. मी दाराकडे पाहिलं. खोटं कशाला सांगू, पळून जायचाच विचार होता. शेवटी टोकाला बसलेल्या बाईंना माझी दया आली. त्यांनी कागद आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. 'बोलायला जमत नसेल तर लिहून द्या. आम्हाला तेवढंही चालेल.'

मी पेन उचललं. लिहिणं मला जमतं, तुम्हाला तर सगळं लिहून मोकळा झालोच होतो. टोपण काढलं आणि सहाव्या मजल्यावरच्या त्या बाई आठवल्या. त्यांनाही बहुधा माझी दयाच आली असेल, आणि मी तेवढ्याला घाबरलो होतो. मी टोपण लावलं आणि म्हणालो, 'नाही. बोलतो.' आवाज इतका मोठा निघाला की एक साहेब दचकले आणि त्यांच्या ग्लासातलं पाणी सांडलं. बाथरूममधला सराव, दुसरं काय.

'मी हाक दिली नव्हती. त्यांचे कान चांगले आहेत. त्या दिवशी मी मान डोलावली ते खोटं होतं.'

'का नाही दिली?'

'लाज वाटली, साहेब. माणसं बसली होती.'

कोपऱ्यातला कारकून हसला. त्याचं हसून होईपर्यंत मी थांबलो आणि मग उरलेलं सांगितलं. बोलताना नजर सगळा वेळ त्या सांडलेल्या पाण्यावर होती. हे मुद्दाम लिहितोय, नाहीतर तुम्हाला वाटायचं मी मोठा वक्ता झालो.

तुमची जागा तुमचीच आहे. हात बरा झाला की कामावर या. माझं शाफ्टमधलं काम सहा महिने बंद. गोदामात आता मी बसायचं आणि मग पुन्हा परीक्षा द्यायची. हे कळल्यावर तो तात्पुरता मेकॅनिक पहिल्यांदाच गप्प बसला.

बाहेर पडल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. तुमची दोन बोटं पूर्वीसारखी वळणार नाहीत, असं ताईने मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते वाक्य रस्ताभर माझ्याबरोबर चाललं. माझ्या रविवारच्या पत्राला तुमच्याकडून काहीच आलेलं नाही, ताईकडूनही नाही. रागावला असाल तर बरोबरच आहे.

इतकं लिहिलं, पण माफी कुठेच मागितली नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ती कागदावर मागायची नाही. बुधवारी संध्याकाळी सहा वाजता मी फोन करणार आहे. ताईला उचलू देऊ नका, तुम्हीच उचला. मी हाक देईन. जबाब द्यायची सक्ती नाही. पण पलीकडून काही आलं नाही, तर ऐकू आलं नसेल असं समजून मी पुन्हा बोलेन, आणखी मोठ्याने. नियम तुमचाच आहे.

बुधवारी माझं ओरडणं ऐकू येईल, असं शेजारच्या आजींना आधीच सांगून आलोय. दार वाजवून, तोंडाने.

तुमचा मेहुणा
(मौनीबाबा हे नाव ठेवायचं की नाही, ते बुधवारनंतर तुम्ही ठरवा)