घंटी वाजायच्या आधी

४ जानेवारी १९६८

आलो एकदाचा लोणावळ्यात. हवा अशी कुरकुरीत, की ट्रंक डोक्यावर घेऊन पळत सुटावंसं वाटलं. रेल्वेच्या सिग्नल खात्यात दिवे नि घंट्या सांभाळण्यात माझा जन्म गेला. आता टाकव्याला घरच्या ओसरीवर माश्या मारत बसण्यापेक्षा हे काम झकास.

भुशीच्या रस्त्याला अंधांचं हे निवासी कामघर. इथली मंडळी खुर्च्यांना वेत विणतात, त्यामुळे सगळ्या बंगल्याला भिजवलेल्या वेताचा वास. चालवणाऱ्या बाईंना असा खेळ हवाय, की आंधळा आणि डोळस एका टेबलाला बसून बरोबरीनं खेळतील. कुणी कुणाची कीव करायची नाही. सव्वीस तारखेला गावातले डोळस खेळायला येणार आहेत. मी म्हटलं, बाई, करतो की. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण तारा मला नातवंडांसारख्या ओळखतात.

स्वयंपाकी बजरंगनं चहा दिला. म्हणाला, आबा, ह्यास्नी हारलो तर गावात तोंड कसं दावू? मी म्हटलं, ज्यांच्याकडून हरशील त्यांना कुठं दिसणार आहे? तेवढ्यात आतून हिरी ओरडली, दिसत न्हाई, पर वास येतो बजरंगा तुज्या तोंडाचा! हसता हसता माझा चहा सांडला. लहानपणी देवी आल्या नि हिरीचे डोळे गेले. डोंगरावरच्या वाडीतली पोर. आता तिशीची असेल. जिभेला धार आणि बोटांना जादू.

९ जानेवारी

टेबल तयार! पाच दिवे टेबलावर, त्यांच्या जोडीच्या पाच घंट्या भिंतींवर वेगवेगळ्या जागी. एक सायकलची, एक देवघरातली, एक शाळेची, अशा. प्रत्येकीचा गळा निराळा. दिवा लागतो तेव्हाच त्याची घंटी वाजते. डोळसानं कानांत कापूस घालून दिवे बघायचे, आंधळ्यानं घंट्या ऐकायच्या. जो आधी बरोबर बटण दाबेल त्याचा गुण.

हिरीनं बजरंगला धुऊन काढलं. तो कुरकुरला, आबा, लबाडी हाय. तपासून पाहिलं तर गडी खरं बोलत होता. दिव्याची तार लाल व्हायला एक क्षण लागतो, घंटी मात्र लगेच बोलते. हिरी म्हणाली, मंग आमी जलमभर मागं ऱ्हातोय त्याचं काय, येवढा तरी डाव जिकू द्या की. मला हसू आलं, वाईटही वाटलं. पण खेळ तो खेळ. घंटीच्या तारेत एक खटका बसवला. तो अर्धा श्वास थांबतो, मग जोडतो. खटका गोधडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवला, म्हणजे त्याचा आवाज नको.

आता दोघं अगदी सारखे. रात्री छान झोप लागली.

१३ जानेवारी

सामने चुरशीचे होतात, पण हिरीचं चित्त थाऱ्यावर नाही. सारखी मान वळवते. विचारलं तर म्हणाली, आबा, घंटी वाजायच्या आदी कुनीतरी पाऊल टाकतंय. वल्या पायानं.

खटका असेल म्हणून त्यावर आणखी चिंध्या गुंडाळल्या. उपयोग शून्य. मग तिनं बाकीच्या आंधळ्यांना विचारलं. शेवटी एकजण म्हणाला, आमाला वाटलं, आपल्यालाच ऐकू येतंय.

मला काहीच ऐकू येत नाही. उगाच खोलीत फेऱ्या मारत बसलोय.

१६ जानेवारी

पाऊल टेबलाजवळ आलंय म्हणे. आज बजरंगचं बोट बटणावर जायच्या आधीच ते बटण खाली दबलेलं होतं. मीही हात लावला. विहिरीतल्या दगडासारखं गार. गुण कुणाच्याच नावावर पडला नाही.

हिरी म्हणते, त्येबी खेळतंय, पर त्याला जागा न्हाई.

जे आंधळ्याला ऐकू येतं ते डोळसाला दिसत नसेल, तर माझा खेळ एकांगी झाला. म्हणून सहावा दिवा ठेवला, एक बटण आणि एक स्टूल. बजरंग म्हणाला, भुताला बी पाट मांडला व्हय आबा? मी म्हटलं, दिवा लागणारच नाही, म्हणजे पोरीच्या मनातली भीती जाईल.

१९ जानेवारी

लागला.

त्या दिव्याला मी अजून तार जोडलेली नव्हती. बजरंगनं पाहिला, मीही पाहिला. पाठोपाठ बटण आपोआप खाली गेलं. तो डाव बजरंग हरला आणि हिरीसुद्धा.

संध्याकाळी बजरंग म्हणाला, कंदिलाची काच पुसा, काजळी धरलीया. काच लखलखीत होती. हिरीचा डावा कान बंद झालाय.

२१ जानेवारी

डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, डोळ्यांत दोष नाही, कानात मळ नाही. बजरंग भिंत चाचपत चुलीपर्यंत जातो. बाईंनी खेळाच्या खोलीला कुलूप लावलं. तरी भर दुपारी आत घंट्या वाजतात.

हिरी म्हणाली, त्याला समदी सारकी करायची हायेत. ह्याचं डोळं, आमचं कान.

बरोबरी मीच मागितली होती ना—

२३ जानेवारी

तिचा उजवा कानही चाललाय. फार मोठ्यानं बोलते आता, स्वतःचा आवाज पोचत नाही म्हणून. माझा हात ओढून कानावर धरला. म्हणाली, आबा, डोळं गेलं तवा मी न्हाई रडले. ह्ये गेलं तर मी ऱ्हाऊ कुटं?



२४ जानेवारी

बाईंकडून किल्ली घेतली, खटका उपटून फेकला. तारा तोडल्या. तरी दिवा लागतो, घंटी वाजते, आणि त्याआधी ती अर्ध्या श्वासाची थांबलेली वेळ. फट तशीच. आता ती माझी राहिली नाही.

हिरी जेवली नाही. हाका मारल्या. वळली नाही.

२५ जानेवारी, दुपार

कुलूप काढून आत बसलो. समोर ते स्टूल. मोठ्यानं म्हटलं, नवा डाव. तिचे कान सोड, बजरंगचे डोळे सोड. माझे घे. म्हातारा माणूस, बघून झालंय सगळं.

सहावा दिवा लागला. मी बटणाला हात लावला नाही. मुद्दाम हरलो.

पुन्हा. पुन्हा हरलो.

ओसरीवर हिरी ओरडली— आबा, घाटात इंजान शिटी देतंय! आयकलं मी! बजरंग धावत आला, कुठेही न अडखळता. हसतोय, रडतोय—

वही मागवली. लिहून ठेवायला हवं. ढग आलेत का विचारलं. बजरंग म्हणतो, लख्ख ऊन हाय आबा, पानावरच पडलंय. लेखणी ओळीवरून खाली चाललीया म्हणतो—

दोघांना बाहेर जायला सांगितलं. दार लावून घ्या म्हटलं. गेले.

मग हे कोण चालतंय. ओलं पाऊल. स्टुलापासून माझ्याकडे. किती स्पष्ट—

म्हणजे माझे कान अजून शाबूत आहेत. म्हणजे त्याचा डाव अजून