फळ्यावर नसलेला फोटो

प्रिय दर्यावर्दी,

फोनवर तू नुसता 'हं, हं' करतोस आणि मी नेमकं महत्त्वाचं बोलायला लागले की तुझं जहाज रेंजच्या बाहेर जातं. म्हणून हे पत्र. तुमच्या जहाजावर रुजू होणारा नवा स्वयंपाकी आपल्याच गल्लीच्या टोकाला राहतो, हा शोध तुझ्या आईंनी लावला. त्यांना कुठल्या गोष्टीचा पत्ता लागत नाही? त्याच्याच हाती पाठवतेय.

घर आहे तसंच आहे. न्हाणीघराचा नळ अजून ठिबकतोय. आपली भिंगरी बादलीशेजारी उकिडवी बसते आणि थेंब पडला की हाताची बोटं नाचवते. तिला आवडतो म्हणून मी प्लंबरला बोलावत नाही. आणि खरं सांगू? 'येऊन बघतो' असं तू म्हणाला होतास, म्हणूनही बोलावत नाही.

प्रत्येक फोनला तुझा पहिला प्रश्न ठरलेला, "बोलली का?" आज तुला तिच्या थेरपीत काय चालतं ते सांगते, मग तूच ठरव. एक छोटी खोली, खाली गादी, कोपऱ्यात झोका आणि भिंतीवर एक कापडी फळा. फळ्यावर कार्डं चिकटवलेली असतात. पाण्याचं, केळ्याचं, झोक्याचं. भिंगरीने हवं ते कार्ड काढून आपल्या हातात द्यायचं आणि आपण ती वस्तू लगेच द्यायची. 'आधी पाणी म्हण, मग देते' असं अडवून धरायचं नाही. थेरपी घेणाऱ्या ताईंना मी विचारलं, अशाने ही बोलायची कशी? आयतं मिळाल्यावर कोण कशाला तोंड उघडेल? ताई हसल्या. म्हणाल्या, कार्डांमुळे बोलणं अडत नाही, कित्येक मुलांना उलट मदतच होते. हिला शब्द येतीलच अशी हमी मी देणार नाही. पण तहान लागली म्हणून हिला भिंतीवर डोकं आपटावं लागू नये, एवढं तरी करूया. आणि हिला दुसरी कोणी बनवायला मी बसलेली नाही, हेही त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं. घरी येताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडून घेतलं. फार बरं वाटलं.

ताई भिंगरीपेक्षा आम्हालाच जास्त शिकवतात. तिच्यासमोर काही धरलं की थांबायचं, तिला तिचा वेळ द्यायचा, मध्ये बडबड करायची नाही. आईंना हे किती जड गेलं असेल बघ! जन्मात कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही त्यांनी. आता तोंडावर हात दाबून बसतात आणि भिंगरीने कार्ड दिलं की सगळा साठा एकदम बाहेर पडतो. अजूनही म्हणतात, हिचा बापही उशिराच बोलायला लागला, आणि लग्न झाल्यावर परत बंद झाला.

मागच्या सुट्टीत तू आलास तेव्हा ती डब्याचं झाकण फिरवत बसली होती. तुझ्याकडे बघितलंही नाही. तू बिस्कीट हातात धरून 'बाबा म्हण, बाबा म्हण' करत राहिलास. ती किंचाळायला लागली आणि तू गच्चीत जाऊन उभा राहिलास. निघताना म्हणालास, मी असलो काय नि नसलो काय, तिला सारखंच. मग जहाजावरचा करार वाढवून घ्यायचं बोललास. तुला दाखवायला तेव्हा माझ्याकडे काहीच नव्हतं.

पण ताईंना मी तुमची गुंडाळी सांगितली. संध्याकाळी तू तिला गळ्यापर्यंत चादरीत घट्ट गुंडाळायचास आणि सतरंजीवरून इकडून तिकडे लोळवायचास, ती. ताई म्हणाल्या, असा घट्ट दाब हिला शांत करत असणार, तिच्या बाबांना हे शिकवलं कोणी? मी ऐटीत म्हटलं, कोणी नाही, त्याचं त्यालाच सुचलं.

त्याच भरात मी तुझा जहाजावरच्या कामाच्या कपड्यांतला, बॉयलर सूटमधला फोटो कार्डासाठी घेऊन गेले. ताईंनी तो परत दिला. म्हणाल्या, सुरुवातीला फळ्यावर तेच लावायचं जे मागितल्याबरोबर देता येईल. मागून मिळालं नाही तर तिचा कार्डांवरचा विश्वास उडेल. तिचे बाबा लगेच देता येतील का? फोटो घरी आणून आरशाच्या कडेला खोचला. वेणी घालताना रोज बघते. तुझी फार आठवण येते रे. एकदाचं लिहून टाकलं.

परवा संध्याकाळी भिंगरी स्टुलावर चढली, आरशाचा तो फोटो ओढून काढला आणि माझ्या हातात ठेवला. कोणी शिकवलेलं नाही, कोणी सांगितलेलं नाही. मग चादर ओढून आणली आणि तिच्यावर आडवी झाली. मला वाटलं, गुंडाळी हवीय. मी केली, माझ्याने जमेल तशी. ती सुटून बाहेर आली, फोटो उचलला, पुन्हा माझ्या हातात दिला आणि दाराकडे बघत उभी राहिली. आम्ही तिच्यासाठी थांबतो ना, अगदी तशी थांबली. हातात दिलं की मिळतं, हे आम्हीच तर तिला शिकवलंय! आईंनी तोंडावरचा हात काढलाच नाही. ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, तिच्या बाबांना कळवा. म्हणून कळवतेय. बोलली का विचारतोस ना? बोलली. काल पुन्हा बोलली, आजही. करारावर सही करू नकोस. फळ्यावर मी एक जागा रिकामी ठेवलीय. तू दारात उभा राहिलास की फोटो तिथे लावू.

तुझीच,
भिंगरीची आई